सकाळी आकडा पडला, आज पळू की नको?

पहाटे पाच-साडेपाचला माझ्या फोनवर हमखास येणारा मेसेज: "ताई, एचआरव्ही 38 दाखवतोय. आज इंटरव्हल करू की नको?" एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं त्याचं माप; इंटरव्हल म्हणजे थोडं जोरात, मग थोडं हलकं, असं आलटून-पालटून पळणं. साताऱ्यात मी हौशी धावपटूंचं ट्रेनिंग घेते आणि हल्ली जवळपास प्रत्येकाच्या हातात हे मोजणारं घड्याळ आहे. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

ताप नसेल, अंग मोडून आलं नसेल, तर नुसत्या आजच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. मिनिटाला 60 ठोके म्हणजे सेकंदाला बरोबर एक, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन ठोक्यांतलं अंतर 960 मिलिसेकंद असतं, मग 1020, मग 980, मग 1040. लागोपाठच्या अंतरांतला फरक झाला 60, 40, 60. त्यांचे वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या: साधारण 54. यालाच आरएमएसएसडी म्हणतात, आणि बरीच अ‍ॅप्स हाच आकडा किंवा यावरून काढलेला गुण दाखवतात. ही वर-खाली मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूची करामत. श्वास आत घेताना त्याची हृदयावरची पकड सैल होते, ठोके जवळ येतात; सोडताना पकड घट्ट होते, अंतर वाढतं. शांत पडून मनगटाची नाडी बोटाने धरा आणि सावकाश श्वास घ्या, बऱ्याच जणांना हे जाणवतं. अंगावर ताण असला की ही पकड ढिली पडते आणि ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एकसारखे पडू लागतात, म्हणजे आकडा खाली येतो.

ट्रेनिंगचा भार मात्र मी यावरून मोजत नाही. त्याला वही पुरते. कार्ल फॉस्टर या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञांची साधी पद्धत आहे: तासभर पळालात, 10 पैकी 6 इतकं अवघड गेलं, तर 60 गुणिले 6, म्हणजे 360. इतका भार तुम्ही अंगावर घेतलात. तो पचला का, याचा अंदाज सकाळच्या आकड्यावरून येतो. दोन्ही शेजारी-शेजारी लिहिले तरच अर्थ लागतो.

गेल्या वर्षी साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात पळण्याची तयारी करणाऱ्या एका मुलीची वही माझ्यासमोर होती. तिचा आकडा एरवी 44 ते 55 मध्ये असायचा. दहा दिवसांत सात दिवसांची सरासरी 37 वर आली. वहीत मात्र आठवड्याचा भार जसाच्या तसा, एकही जादा किलोमीटर नाही. घड्याळ चुकतंय म्हणून तिने ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावून बघितलं, तेच आलं. शेवटी मी विचारलं, "झोपतेस कुठे सध्या?" आई दवाखान्यात होती आणि ही रोज रात्री बाकावर बसून काढत होती. सांगायचं राहूनच गेलं, म्हणाली. मी इंटरव्हल आणि घाट दोन्ही काढून टाकले, आठवडाभर फक्त हलकं पळणं ठेवलं. शरीराच्या खात्यात ट्रेनिंग, जागरण, काळजी, ऊन, आदल्या रात्रीची दारू असे वेगळे रकाने नसतात, हे मला त्या वहीने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कुठल्या पुस्तकाने दाखवलं नव्हतं.

म्हणून बघायची ती सात दिवसांची सरासरी, आणि तीही तुमच्याच नेहमीच्या आकड्यांशी ताडून. मैत्रिणीचा 80 आणि तुमचा 40, यावरून कोण जास्त फिट ते कळत नाही. सरासरी नेहमीच्या आकड्यांच्या खाली गेली आणि दोन-तीन दिवस तिथेच राहिली, की मी जोराचं काम पुढे ढकलते. फिनलंडमधल्या औलूत झालेला असाच एक प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बऱ्यापैकी फिट पुरुषांच्या एका गटाला पळण्याचं ठरलेलं वेळापत्रक दिलं, दुसऱ्याचं काम रोजच्या एचआरव्हीनुसार जोराचं की हलकं ते ठरवलं. चार आठवड्यांनी दुसऱ्या गटाचा कमाल वेग जास्त वाढला. माणसं थोडी होती, त्यामुळे मी त्यावर सगळी भिस्त ठेवत नाही, पण दिशा मला पटते.

आकडा वर गेला की सगळे खूश होतात. तिथेही सावध राहा. ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि पळणं) करणाऱ्यांना मुद्दाम अति ट्रेनिंग दिलं तेव्हा कामगिरी घसरत असतानाही त्यांची एचआरव्हीची सरासरी वाढलेली दिसली आहे. पाय जड, वेग येत नाही, मन लागत नाही आणि आकडा मात्र झकास, असं असेल तर पायांचं ऐका.

मोजायचं कसं, हेही बरेच जण विचारतात. उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आधी, रोज त्याच स्थितीत: पडून तर रोज पडून, बसून तर रोज बसून. छातीच्या पट्ट्याचे इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीला टेकणारे भाग, पाण्याने ओले करायचे, कोरडे असले की ठोके सुटतात आणि आकडा भलताच येतो. एक-दोन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही, फोन चाळायचा नाही. एखाद दिवशी आकडा अचानक दुप्पट-तिप्पट आला तर आधी पट्टा तपासा. पट्टा ठीक असूनही पुन्हा पुन्हा तसंच येत असेल, ठोका चुकल्यासारखं वाटत असेल, तर मला मेसेज करू नका, डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा.

आणि मला 38 पाठवाल तेव्हा सोबत कालची झोप किती तास झाली तेही लिहा.