स्टीफन हेंड्रीच्या जुन्या मॅचेस बघताना

मंगळवार, रात्री उशिरा

गेले काही दिवस डोक्यात नुसता स्टीफन हेंड्री चालू आहे. स्नूकर म्हटलं की कुणीही पहिलं नाव रॉनी ओ'सलिव्हनचं घेतं, आणि बरोबरच आहे, त्याच्यासारखा हात कुणाचा नाही. पण मला का कोण जाणे हेंड्रीचं करिअर जास्त खिळवून ठेवतं. कारण सरळ आहे. पहिलं वर्ल्ड टायटल २१ व्या वर्षी, सातवं ३० व्या वर्षी, आणि त्यानंतर तब्बल १३ वर्षं हा माणूस खेळत राहिला पण आठवं काही आलं नाही. पहिल्या भागावर सगळे भरभरून बोलतात आणि दुसरा भाग एका वाक्यात उरकतात. मला दुसऱ्या भागातच जास्त रस आहे, पण तो कळायला आधी पहिला नीट बघावा लागतो, म्हणून हे रात्रीचे उद्योग.

स्कॉटलंडचा हा पोरगा, जन्म जानेवारी १९६९. बाराव्या वर्षी ख्रिसमसला घरच्यांनी छोटं स्नूकर टेबल आणून दिलं आणि १६ व्या वर्षी पोरगा प्रोफेशनल! मधे चार वर्षंसुद्धा नाहीत. १९८५ साल. एवढ्या लहान वयात तोपर्यंत कुणी प्रोफेशनल झालेलं नव्हतं. मॅनेजर मिळाला इयन डॉयल, तो शिस्तीचा माणूस, त्याने याला सरावाला नोकरीसारखं बसवलं, रोज वेळेवर यायचं आणि तासन्‌तास टेबलावर एकट्याने घासायची. आणि याच डॉयलने सुरुवातीच्या काळात एक भारी (किंवा क्रूर, कसं बघाल तसं) गोष्ट केली. त्या वेळचा नंबर वन स्टीव्ह डेव्हिस, त्याच्यासोबत स्कॉटलंडभर सहा मॅचेस ठरवल्या. हेंड्री सहाच्या सहा हरला. आपल्याच लोकांसमोर, गावोगावी, ओळीने. दुसरं कुणी असतं तर खचलं असतं, याने खुर्चीत बसून डेव्हिसकडे बघत शिकून घेतलं. १९८७ मध्ये १८ व्या वर्षी ग्रां प्रीमध्ये डेनिस टेलरला हरवून पहिलं रँकिंग टायटल (ज्याचे पॉइंट क्रमवारीत धरतात असं), १९८९ मध्ये यूके चॅम्पियनशिपच्या फायनलला त्याच डेव्हिसला १६-१२ (हे फ्रेम्सचे आकडे, फ्रेम म्हणजे मॅचमधला एक डाव), आणि १९९० मध्ये शेफिल्डच्या क्रूसिबलमध्ये (वर्ल्ड चॅम्पियनशिप जिथे होते ते थिएटर) जिमी व्हाइटला १८-१२ हरवून वर्ल्ड चॅम्पियन. इतका तरुण वर्ल्ड चॅम्पियन आजपर्यंत दुसरा झालेला नाही.

आता त्याचा खेळ. ही एक गोष्ट मला लिहून ठेवायचीच आहे.

त्याच्या आधीचे मोठे खेळाडू साधारण काय करायचे, सुटे पडलेले रेड्स (लाल बॉल) गोळा करायचे, ४०-५० चा ब्रेक (न हुकता सलग केलेले पॉइंट) करायचा, मग पांढरा बॉल पार मागे नेऊन ठेवायचा की घे बाबा आता तू बघ. सेफ्टी, चूक होण्याची वाट, परत थोडे पॉइंट. हेंड्रीला वाट बघणं जमायचंच नाही. त्याचा ठरलेला शॉट म्हणजे टेबलाच्या मधोमध जो ब्ल्यू असतो तो मिडल पॉकेटमध्ये असा हाणायचा की तिकडे ब्ल्यू आत आणि इकडे पांढरा बॉल सुसाट जाऊन रेड्सच्या गठ्ठ्यात घुसला पाहिजे. गठ्ठा फुटतो, रेड्स चारी बाजूंना पसरतात, आणि मग त्याच ब्रेकमध्ये फ्रेम संपवायची. रिस्क केवढी बघा, ब्ल्यू हुकला तर सगळं उघडं पडलेलं टेबल समोरच्याच्या ताटात. पॉट झाला पण पांढरा गठ्ठ्यातच अडकून बसला तरी गेलं. पण तो हुकायचाच नाही त्या वर्षांत. आज टूरवरचा (प्रोफेशनल स्पर्धांमधला) पोरगा-पोरगा हाच शॉट मारतो, इतका की त्यात काही विशेष वाटतच नाही. १९९४ च्या यूके फायनलला केन डोहर्टीविरुद्ध याने १५ फ्रेम्समध्ये सात सेंच्युरी (१०० किंवा जास्तचे ब्रेक) मारल्या. सात! डोहर्टी म्हणजे काही लिंबूटिंबू नव्हता, तीन वर्षांनी त्यानेच वर्ल्ड फायनलला हेंड्रीला हरवलं. पण त्या दिवशी बिचारा नुसता बसून होता.

लोक याला धाडस म्हणतात. मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. हरायची भीती असणारा माणूस सेफ्टी खेळतो आणि हरणं सहनच न होणारा माणूस समोरच्याला टेबलाजवळ येऊच देत नाही. दोन्हीत फरक आहे.

१९९२ ची फायनल घ्या. जिमी व्हाइट १४-८ ने पुढे. जिमी म्हणजे सगळ्या प्रेक्षकांचा लाडका, खुशालचेंडू, डावखुरा, बघतच राहावं असा खेळ. चार फ्रेम जिंकल्या की तो वर्ल्ड चॅम्पियन. हेंड्रीने तिथून ओळीने दहा फ्रेम्स घेतल्या. १८-१४. १९९३ ला परत जिमी, या वेळी १८-५, त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

आणि १९९४. आज जी बघत बसलो ती हीच. या स्पर्धेत मधेच हॉटेलच्या बाथरूममध्ये पडून हेंड्रीच्या डाव्या कोपराचं हाड मोडलेलं, म्हणजे जो हात टेबलावर टेकवून त्यावरून क्यू (खेळायची काठी) चालवायची तोच हात, आणि तसाच दुखणं गिळत तो फायनलपर्यंत आला. समोर जिमी, त्याचा त्या दिवशी ३२ वा वाढदिवस. १७-१७. आता एकच फ्रेम. जिमी टेबलावर, ब्रेक चाललेला, सगळं हॉल त्याच्या बाजूने, ब्लॅक आपल्या जागेवर, हजारदा मारलेला शॉट. आणि तो ब्लॅक जाताना पॉकेटच्या जबड्यात अडखळतो आणि बाहेर राहतो. मी तो शॉट मागे नेऊन परत परत बघितला, जिमी घाईच करतो, थोडं उठतोच, क्यू संपायच्या आधी शरीर वर येतं. पण मला जास्त बघायचा होता तो हेंड्री. तो खुर्चीतून उठतो तेव्हा चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नाही. ना आनंद, ना घाई. येतो, ५८ चा ब्रेक करतो, संपलं. नंतर मुलाखतीत जिमी म्हणाला की हा आता मला त्रास द्यायला लागलाय, आणि लोक हसले, जिमीपण हसला. सहा वर्ल्ड फायनल हरलेला माणूस, त्यातल्या चार याच्याकडून. मला जिमीचं इतकं वाईट वाटतं की दरवेळी वाटतं या वेळी तरी तो ब्लॅक जाईल.

झोपायला हवं.


गुरुवार

काल काही बघितलं नाही, आज दुसरा भाग.

सलग पाच वर्षं, १९९२ ते १९९६, क्रूसिबलमध्ये दुसरं कुणी जिंकलंच नाही. आठ सीझन सलग नंबर वन. मग १९९७ ला डोहर्टीकडून फायनल हरला, १९९८ ला पहिल्याच राउंडला जिमीने १०-४ ने घरी पाठवलं (जिमीला तेवढं तरी मिळालं!), आणि त्याच वर्षीच्या यूके चॅम्पियनशिपला तर कहर, मार्कस कॅम्पबेल नावाचा खेळाडू, तोही स्कॉटिशच, त्याने ९-० हरवलं. एक फ्रेम नाही. लोकांनी संपला असं धरूनच टाकलं आणि जेमतेम काही महिन्यांत, मे १९९९ ला, मार्क विल्यम्सला १८-११ हरवून सातवं टायटल. सहा-सहा टायटल्सवाले डेव्हिस आणि रे रीअर्डन मागे पडले. त्याला जे हवं होतं ते झालं.

आणि गंमत म्हणजे तिथूनच पुढे हात धोका द्यायला लागला.

हे त्याने स्वतःच बऱ्याच वर्षांनी सांगितलं, की त्याला यिप्स होते. गोल्फवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. स्नूकरमध्ये होतं असं की खाली वाकून नेम धरला, क्यू दोन-तीनदा मागेपुढे केली, शेवटची मागे घेतली, आणि आता सरळ पुढे जाऊ द्यायची तर हात आखडतो. क्यू जोरात बॉलमधून जायला हवी ती ऐनवेळी हळू पडते किंवा थोडी वाकडी जाते. डोक्याला माहीत आहे काय करायचंय, डोळ्याला लाइन दिसतेय, हात ऐकत नाही. सरावात बरं चालतं, मॅचला होतं. आणि याच्यासारख्या खेळाडूला त्यातून पळवाटच नाही, कारण सगळा खेळच मुळी त्या ताकदीच्या, मोकळ्या क्यूवर उभा. सेफ्टी खेळून टिकून राहणारा माणूस यिप्स घेऊनही दिवस काढू शकतो. जो ब्ल्यूवरून गठ्ठ्यात घुसतो तो काय करणार? हळू मारला तर गठ्ठा फुटत नाही, जोरात मारायला जावं तर ब्ल्यू हुकतो.

त्यात २००३ मध्ये त्याची क्यू विमानप्रवासात मोडली. ही काही महागडी वगैरे नव्हती, लहानपणापासूनची ४० पाउंडांची क्यू, बाकीचे खेळाडू बघून हसायचे म्हणतात. पण सातही वर्ल्ड टायटल्स त्याच लाकडाने जिंकलेली. खेळाडू म्हणतात क्यू म्हणजे हाताचाच भाग, मला आधी हे बोलायचं म्हणून बोलतात असं वाटायचं. पण विचार करा, बाजूचा फिरकीचा शॉट मारला की किती वळेल, टिपने धरलं की किती जोर जाईल, हे सगळं अंग विशीच्या आतच एका लाकडासोबत शिकलेलं असतं. नवीन क्यू कितीही चांगली असली तरी तो हिशोब परत पहिल्यापासून. तरी मी क्यूला सगळा दोष देणार नाही. २००२ ला जुनी क्यू हातात होती, सेमीफायनलला रॉनीला १७-१३ ने काढलं, आणि फायनलला पीटर एब्डनकडून १७-१८ हरला. त्या काळात यिप्स सुरू होते असं तोच सांगतो. म्हणजे मोडक्या हातानेही तो जवळजवळ आठवं जिंकलाच होता, हे जास्त टोचतं.

शेवटचं रँकिंग टायटल २००५ चं माल्टा कप, एकूण ३६ वं, आणि हा आकडा पुढे कितीतरी वर्षं रेकॉर्ड होता. २००६-०७ च्या सीझनला परत नंबर वनसुद्धा झाला, जे मला आजही विचित्र वाटतं, कारण तेव्हाचा त्याचा खेळ बघितला तर नंबर वन वाटत नाही. रँकिंग दोन वर्षांच्या पॉइंट्सवर चालायचं, नियमितपणे बऱ्यापैकी पुढे जाणाऱ्याला ते वर ठेवायचं. आणि तो नियमित होताच. २००८ ला क्रूसिबलच्या सेमीला रॉनीने १७-६ ने धुतला. मी ती मॅच अर्धीच बघू शकलो. समोरच्याने ब्रेकवर ब्रेक काढायचे आणि आपण खुर्चीत पाण्याचा ग्लास धरून बसायचं. हेच त्याने डोहर्टीला केलं होतं.

मग २०१२. टॉप १६ मधून बाहेर गेलेला, त्यामुळे क्रूसिबलला जायलाही क्वालिफाय व्हावं लागलं, झाला, सलग २७ व्या वेळी. पहिल्या राउंडला स्टुअर्ट बिंगहॅमसमोर त्याने १४७ मारला! १५ रेड, १५ ब्लॅक, मग सगळे रंग, क्रूसिबलमधला त्याचा तिसरा मॅक्सिमम (अशा पूर्ण १४७ च्या ब्रेकला म्हणतात), ४३ व्या वर्षी. पुढे जॉन हिगिन्सला १३-४. असं वाटलं आता काहीतरी होतंय. आणि क्वार्टरफायनलला स्टीफन मॅग्वायरकडून २-१३. त्याच दिवशी रिटायरमेंट. म्हणे निर्णय काही महिने आधीच झालेला होता, मनात धरून बसला होता. म्हणजे तो १४७ मारताना त्याला माहीत होतं की हे शेवटचं क्रूसिबल आहे, आणि आपल्याला माहीत नव्हतं. आता ती क्लिप बघताना मी बॉल कमी आणि त्याचा चेहरा जास्त बघतो. हसतो तो त्यात. १९९४ ला हसला नव्हता.


शनिवार

मित्राशी फोनवर यावरून वाद झाला. त्याचं म्हणणं की हेंड्रीने १९९९ नंतर थांबायला हवं होतं, सातवर, सगळ्यात वर असताना. मी म्हटलं ३० व्या वर्षी कोण थांबतं रे, आणि हात आखडतोय हे पहिल्या दिवशी कुणाला कळतं? एक बॉल हुकला की माणूस म्हणतो आज दिवस नाही. दहा हुकले की म्हणतो सराव कमी पडला. हे काहीतरी वेगळं आहे हे मान्य करायला वर्षं जातात, त्यातही जो आयुष्यभर जास्त सरावाने प्रत्येक प्रश्न सोडवत आला त्याला तर जास्तच.

मित्राचा दुसरा मुद्दा रॉनीचा. २०२२ ला रॉनीने जड ट्रंपला १८-१३ हरवून सातवं टायटल घेतलं, ४६ व्या वर्षी, म्हणजे आता दोघे बरोबरीत, मग मोठा कोण? मला या प्रश्नात काही दम वाटत नाही. रॉनीचं पहिलं २००१ चं, सातवं २०२२ चं, मधे २१ वर्षं. हेंड्रीचे सात नऊ वर्षांत. एकाने लांबवर पुरवून खाल्लं, एकाने एकदाच. मित्र म्हणाला मग रॉनीच मोठा ना, तो अजून खेळतोय. फोन ठेवला.

मग हेंड्री परत आलेला तोही भाग बघून टाकला. २०२१ ला वाइल्ड कार्डवर (खास आमंत्रणावर) टूरवर परतला, पहिल्याच मॅचला मॅथ्यू सेल्टकडून १-४ हरला पण त्यात एक सेंच्युरी मारली. आणि त्या वर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या क्वालिफायिंगला पहिला प्रतिस्पर्धी कोण तर जिमी व्हाइट. लिहिणाऱ्याने लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं की जास्त होतंय. ६-३ ने हेंड्रीच जिंकला. जिमी, तोवर ५८ वर्षांचा, परत हरला, परत हसला. पुढच्या मॅचला हेंड्री शू सीकडून १-६ ने बाहेर.

त्यानंतर तो फार कमी स्पर्धा खेळला आणि २०२४ ला कार्ड पुढे चालू ठेवायचं नाही असं ठरवलं. कॉमेंट्री करतो, यूट्यूब चॅनल आहे त्याचं, तिथे एकेका खेळाडूला बोलावतो, शॉट्स लावून गप्पा मारत खेळतो. ते एपिसोड मला आवडतात, त्यात तो शॉट हुकला की स्वतःवरच हसतो आणि समोरच्याला विचारतो की तू हा कसा मारला असतास. मार्क विल्यम्सवाला अजून राहिलाय, तो उद्या.