आमची वाटचाल : भिंग, तिजोरी आणि 280ई

कल्याणला आईला अजून सांगितलेलं नाही की मी गांजा विकतो. तिच्या लेखी माझं मिशिगनमध्ये औषधांचं दुकान आहे. 2019 पर्यंत ते तसं खोटंही नव्हतं.

मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीतून मला नारळ मिळाला तेव्हा मिशिगनमध्ये 2008 पासून वैद्यकीय गांजा चालू होता. केअरगिव्हर म्हणून, म्हणजे रुग्णांसाठी गांजा पिकवणारा म्हणून, पाच रुग्ण घेता येत, प्रत्येकी बारा झाडं. म्हणजे तळघरात साठ झाडं, हजार वॅटचे दिवे आणि विजेचं बिल बघून बायकोचा चेहरा. सोबतीला भागीदार होता अंबरनाथचा, सोनाराचा मुलगा. वडिलांच्या पेढीवरचं दसपट भिंग त्याने येताना आणलं होतं. हिरे बघायचं ते भिंग आम्ही फुलावर धरायचो. ट्रायकोम, म्हणजे फुलावरच्या राळेच्या बारीक ग्रंथी, पारदर्शक असतील तर थांबायचं, दुधाळ झाले की कात्री, अंबरी दिसायला लागले की उशीर केलात. आजकालची पोरं मोबाइलला जोडायचा सूक्ष्मदर्शक घेऊन येतात आणि फोटो काढत बसतात. कापणी हातून झाली पाहिजे, फोटोतून नाही.

पुढे मिशिगनमधल्याच यप्सिलांटी गावात दुकान घेतलं, ते बरं चाललं.

4 जानेवारी 2018 ला केंद्राचे ॲटर्नी जनरल सेशन्स यांनी 2013 चा कोल मेमो रद्द केला. केंद्राच्या कायद्यात गांजा बेकायदेशीरच होता. राज्याचे नियम पाळणाऱ्यांच्या मागे सहसा लागायचं नाही, एवढाच त्याचा आधार होता. त्यानंतर महिन्याभरात आमच्या बँकेचं पत्र आलं, खातं बंद. कारण लिहिलं नव्हतं. पगार रोखीत, भाडं रोखीत, कर भरायला पिशवी घेऊन जायचं. नोटा मोजायचं यंत्र आठवड्यातून दोनदा पुसावं लागे, कारण नोटांना राळेचा चिकटपणा येतो. एका क्रेडिट युनियनने, म्हणजे सहकारी पतपेढीने, आम्हाला घेतलं, पण दर महिन्याचं शुल्क असं की तिजोरीच परवडली असती.

भागीदार धंद्यातून बाहेर पडला 2019 च्या एप्रिलमध्ये. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता. त्याच महिन्यात इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाच्या धंद्यातला सहभाग 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. तो म्हणाला, "अरे, मुलं इथे शाळेत आहेत." मी काय बोलणार? भिंग मात्र काउंटरवर ठेवून गेला. डिसेंबरपासून राज्यात 21 वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना विक्री खुली झाली, तेव्हा गल्ल्यावर मी एकटा होतो.

आता माझ्या मूर्खपणाबद्दल. नोव्हेंबर 2020 ला बायडन जिंकले, जानेवारीत जॉर्जियाच्या दोन्ही जागा त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेल्या आणि सिनेट 50-50 झालं. आमच्या धंद्यात जो तो म्हणत होता, आता झालंच. गांजाच्या धंद्याला बँका खुल्या करणारा सेफ बँकिंग कायदा प्रतिनिधीगृहात 2019 मध्येच 321 विरुद्ध 103 ने मंजूर झाला होता. मी दुसऱ्या दुकानाचा पाच वर्षांचा भाडेकरार केला. तो कायदा सिनेटमध्ये कधी मतालाही आला नाही.

समोर आली एक मोठी साखळी. तिचे शेअर कॅनडात, कारण इथला बाजार घेत नाही. त्यांनी पहिल्या दिवसापासून आमच्या खरेदीच्या खाली भाव लावला. राज्यभर पीक इतकं झालं होतं की 2020 च्या सुरुवातीला पाचशे डॉलरच्या वर असलेला औंस 2023 च्या सुरुवातीला शंभरच्या खाली आला. तरी भाव पडण्याने मी मेलो नसतो. मारलं 280ईने. केंद्राच्या आयकर कायद्यातलं 1982 चं ते कलम: अंमली पदार्थांच्या सरकारी यादीतल्या शेड्यूल एक किंवा दोनमधला माल (गांजा एकमध्ये) विकणाऱ्याला मालाच्या किमतीशिवाय कुठलाही खर्च वजा करता येत नाही. विक्री दहा लाख, माल सहा लाख, भाडं-पगार साडेतीन लाख. हातात पन्नास हजार. पण 21 टक्के कर लागतो चार लाखांवर, म्हणजे 84 हजार. तोटा झाला तरी कर, आणि समोरच्या साखळीकडे वकिलांची फौज. मार्च 2023 मध्ये दुसरं दुकान बंद केलं, सात जणांना घरी पाठवलं. बायकोची हॉस्पिटलातली नोकरी होती म्हणून घर राहिलं.

त्या दिवसांत मेजर दर मंगळवारी यायचे. व्हिएतनामच्या युद्धातून आलेले, माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गांजाची शिफारस लिहून द्यायची परवानगी नाही म्हणून स्वतःच शोधत आमच्यापर्यंत पोहोचलेले. फळ्यावर अठरा डॉलर लिहिलेले असायचे, ते पस्तीस ठेवायचे. मी परत दिले की बक्षिशीच्या बरणीत टाकायचे. "साखळीवाल्यांकडे जाऊन या, स्वस्त आहे," एकदा मीच म्हणालो. म्हणाले, तिथे कुणी फूल दाखवत नाही, पाकीट दाखवतात.

नव्या लोकांना सांगतो, निवडणुकीच्या निकालावर भाडेकरार करू नका. आणि किरकोळ दुकानदाराला माल उधार देऊ नका, मी स्वतः दुकानदार असून सांगतो.

2024 ला गंमत झाली. अध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार गांजाच्या कायद्यातल्या सुधारणेच्या बाजूने बोलले. ट्रम्प तर फ्लोरिडाच्या सार्वमतात गांजा खुला करण्याच्या बाजूने मत देणार म्हणाले. तिथे 56 टक्के पडले, हवे होते 60. गांजा शेड्यूल एकमधून तीनमध्ये नेण्याचा बायडन सरकारचा प्रस्ताव मे 2024 पासून पडून होता, त्याची जानेवारी 2025 ची सुनावणीही पुढे ढकलली. मग 18 डिसेंबर 2025 ला ट्रम्प यांनी ते काम लवकर उरका, अशा आदेशावर सही केली. शेड्यूल तीन खरोखर झालं तर 280ई आमच्यावरून उठेल, आणि ते माझ्यासाठी थोडं नाही. पण गांजा त्याने कायदेशीर होत नाही. ओहायोच्या सीमेपलीकडे माल नेता येणार नाही, आणि बँकांसाठी काँग्रेस, म्हणजे इथली संसदच लागेल. त्या काँग्रेसवर मी आता पैसे लावणार नाही. शिवाय 1 जानेवारी 2026 पासून मिशिगनने घाऊक मालावर 24 टक्के कर बसवलाय. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढायचं.

आदेशाच्या रात्री भागीदाराचा फोन आला. तो आता नागरिक आहे. "काय रे, येऊ का परत?"

"आधी नोटांचं यंत्र दुरुस्त करून दे," मी म्हणालो.

तो हसला. मग विचारलं, "बाबांचं भिंग आहे ना?"

आहे. बिजागरीचा स्क्रू सैल झालाय, मेजर दर मंगळवारी हाताळतात म्हणून.