बाबांची माटोळी

गेल्या चतुर्थीला बाबांचं वर्ष व्हायचं होतं म्हणून आमच्याकडे सण झाला नाही. त्यामुळे यंदाची माटोळी ही बाबांशिवायची पहिली, आणि ती मी बांधली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचा शिपटा (घोस), केळ्यांचा घड, तवशी, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, निरफणस आणि रानातली बरीच फळंफुलं बांधतात, पावसाळ्यात जे जे पिकतं ते सगळं देवापुढे.

आता ९० टक्के सामान आम्ही सगळेच म्हापशाच्या बाजारातून आणतो. चतुर्थीच्या आधी तिथे रस्त्याच्या कडेने नुसती माटोळीचीच दुकानं असतात. बाबा मात्र शेवटपर्यंत निदान रानातलं सामान स्वतः आणायचे आणि मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून मला बरोबर न्यायचे, पहाटे, हातात कोयती आणि खांद्याला पिशवी, सड्यावर, म्हणजे गावच्या पठारावर, पाऊस भुरभुरतोय आणि पायाखाली जांभा दगड निसरडा. कांगलां या रानफळांचा वेल दिसला की मी धावायचो आणि हाताला येईल ते ओढायचो. बाबा मागून ओरडायचे, "सगळें काडूं नाका रे!" दोन घोस घ्यायचे आणि बाकीचे वेलावर ठेवायचे, पाखरांना आणि पुढच्या वर्षीच्या बियांना. वाघनखीचं फूल तोडलं तरी कंदाला हात लावू द्यायचे नाहीत. मला तेव्हा राग यायचा, एवढं लांब चालत आलो आणि घ्यायचं दोनच? त्या सड्याच्या अर्ध्या भागावर आज बंगले उभे आहेत. उरलेल्या अर्ध्या भागात यंदा मी मुलीला घेऊन गेलो होतो आणि बाबा जिथून घ्यायचे त्याच कोपऱ्यात कांगलां मिळाली. तिथेच बसून थोडा वेळ रडलो, मुलगी बिचारी छत्री धरून उभी राहिली.

बाबा उशिरा शिकले हे त्यांनी कधी लपवलं नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. नंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा आमच्या गावच्या शाळेत अकराव्या वर्षी ते पहिलीत बसले, सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, उंच म्हणून सगळ्यात मागे. एसएससी होईपर्यंत एकविशी उलटली. मी नववीत गणितात नापास झालो आणि घरी यायची लाज वाटून देवळाच्या पायरीवर बसून राहिलो होतो, तेव्हा ते शोधत आले आणि ओरडले वगैरे काही नाही. त्या मागच्या बाकाची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा मला तिथे सांगितली. त्यानंतर ती मी कितीदा ऐकली असेन, पण तेव्हाची ती संध्याकाळ वेगळीच होती.

बाबांची नोकरी पणजीला, सरकारी ऑफिसात क्लार्क. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यानंतर १९९२ पर्यंत, म्हणजे नवा पूल होईपर्यंत, बाबांनी बेती-पणजी फेरीबोटीने ये-जा केली. फेरीला ही गर्दी, पावसात तर विचारू नका, तरी वेळेवर पोचायचं म्हणून ते घरातून तासभर आधी निघायचे. आई म्हणायची, अर्धी पणजी उशिरा येते, तुम्हीच कशाला धावता? ते म्हणायचे, काउंटरसमोर उभा असलेला माणूसही त्याच फेरीने आलेला असतो, त्याला मी काय सांगू? मी स्वतः आता काउंटरच्या आत बसतो. दुपारी चार वाजता वैताग आला की हे वाक्य कुठून तरी ऐकू येतंच.

माटोळी बांधायला बाबा नायलॉनची दोरी वापरत नसत. कुमयाच्या झाडाच्या सालीचा दोर पाण्यात भिजवून मऊ करायचा आणि त्यानेच बांधायचं. आणि गाठ अशी हवी की ओझ्याने घट्ट व्हावी पण विसर्जनानंतर हाताने सुटावी. कात्री लावायची नाही. "गांठ सोडूंक येवंक जाय," हे दरवर्षी. उतरवलेली फळं मग ते वाट्यावाट्याने शेजारी पाठवायचे, पहिला वाटा शेजारच्या आंटीकडे, नाताळात त्यांच्याकडून कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, यायचा त्याच्याही आधीपासूनची ही रीत.

यंदा मी दोर भिजवला, सगळं बांधलं, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, लोकांनी हात जोडले. आणि रात्री दोनच्या सुमारास धप्प आवाज झाला. तोरिंजन सुटून खाली पडलं होतं, नशीब मूर्तीवर नाही. मी स्टूल घेऊन चढलो, हात थरथरत होते, बाबा गाठ कशी फिरवायचे तेच आठवेना. तेवढ्यात आई उठून आली. टॉर्च वर धरला आणि म्हणाली, "डावीकडून घे. दोनदा. आता टोक खालून काढ." मी वळून बघितलं. चाळीस-पन्नास वर्षं दर चतुर्थीला स्टुलाखाली टॉर्च धरून तीच तर उभी असायची. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

"वर बघ," आई म्हणाली, "शिपटाही सैल आहे."