गाइडला मेल करताना

नेट परीक्षा झाली, जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली, पेढे वाटून झाले आणि मग कळलं की पीएचडीला गाइड नसेल तर हातात काहीच नाही. महिन्याचे ३७ हजार चालू व्हायचे तर आधी पीएचडीला ॲडमिशन हवी आणि त्यासाठी गाइडकडे जागा हवी.

मी सुरुवातीला 'रिस्पेक्टेड सर' करून एकच मेल तीसेक जणांना पाठवला, बॉटनीत कुठल्याही विषयावर काम करायला तयार आहे असं लिहून, खाली सगळी सर्टिफिकेटं जोडून. मेलला एकाचंही उत्तर नाही. एक सर फोनवर हो म्हणाले, मी दोन महिने त्यांच्या भरवशावर थांबले आणि ऐन ॲडमिशनच्या वेळी कळलं की त्यांच्याकडे जागाच नव्हती. खूप रडले तेव्हा. म्हणून सांगते, जागा आहे का हे पहिल्याच मेलमध्ये विचारा, त्यात लाजायचं काय? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ च विद्यार्थी घेता येतात, आणि रिटायरमेंटला ३ वर्षांहून कमी राहिली असतील तर नवीन कुणाला घेता येत नाही.

मग एका सीनियर ताईने शोधगंगा ही पीएचडी थिसिसची वेबसाइट बघायला लावलं. तिथे गाइडच्या नावाने शोधलं की त्यांच्या विद्यार्थ्यांचे थिसिस सापडतात. एका मॅडमच्या विद्यार्थ्याचा कातळसड्यांवरचा, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या सपाट माळांवरचा, थिसिस मी दोन रात्री जागून वाचला, फोटो बघून तर आमच्या राजापूरच्या घरामागचाच सडा वाटला, जांभ्याच्या खळग्यात पाणी, कडेला गेंद, मधे सीतेची आसवं, ही पावसाळी रानफुलं. आमच्या सड्यावर एका बाजूला काजू लावायला जेसीबीने कातळ फोडून माती टाकलीये आणि तिथे गेले दोन पावसाळे सीतेची आसवं आलीच नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेवढंच त्या मॅडमना लिहिलं, त्या थिसिसमधल्या कुठल्या भागाशी हे जुळतं ते लिहिलं, आणि जागा आहे का विचारलं. दहा ओळी, एक पानी बायोडेटा, बस्स.

नवव्या दिवशी उत्तर आलं. "एक जागा आहे. ऑगस्टमध्ये आम्ही तिकडे येतोय, ते खळगे दाखव, मग बोलू."

सध्या रोज सकाळी बाबांबरोबर सड्यावर जाऊन खळग्यांच्या कडेला ऑइलपेंटने नंबर टाकतेय, पाऊस लागायच्या आत संपवायचंय. आज सतरा झाले.