‘क्रीम घाला आणि ढवळा’: सूप नेमकं इथेच अडतं

मेक्सिकन धाटणीच्या क्रीमी सूपच्या जवळजवळ प्रत्येक कृतीने मला एकाच ओळीपाशी वाऱ्यावर सोडलं. कांदा किती बारीक चिरायचा, जिरेपूड किती, लसणाच्या पाकळ्या किती, सगळं मोजूनमापून लिहिलेलं. आणि जिथे सूप खरोखर बिघडतं तिथे फक्त ‘शेवटी क्रीम घाला आणि ढवळा’. वर मथळ्यात ‘अर्ध्या तासात तयार’ असं ठळक अक्षरांत. दिवसभराच्या कामानंतर, घरातली माणसं भुकेली बसलेली असताना, भांडंभर सूप डोळ्यांदेखत फाटतं तेव्हा त्या ओळीचा जो राग येतो तो माझा अजून गेलेला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

क्रीमपर्यंतचं सगळं सरळ आहे. चार जणांसाठी दोन मोठे चमचे लोण्यावर एक मोठा कांदा आणि चार पाकळ्या लसूण मऊ होऊ द्यायचा. त्यावर चमचाभर जिरेपूड, अर्धा चमचा ओरेगानो, भाजून सोललेल्या दोन पोब्लानो (मोठ्या, कमी तिखट मेक्सिकन हिरव्या) मिरच्या, दोन टोमॅटो, तीन वाट्या मक्याचे दाणे, दीड वाटी शिजवलेले ब्लॅक बीन्स आणि लिटरभर स्टॉक. वीस मिनिटं मंद उकळी. चिकन घालायचं असेल तर हाडाविना तुकडे याच वेळी घाला, त्या वीस मिनिटांत ते नीट शिजतात. या टप्प्यावर चव घेतली की सूप जमलं असं वाटतं, आणि खरंच जमलेलं असतं.

मी वापरलेल्या कृतीत यानंतर लिंबाचा रस होता, लगेच त्यामागे सावर क्रीम (आंबवलेलं दाट क्रीम), आणि आच चालूच. लिहिलं होतं तसंच केलं. मिनिटभर सूप दुधाळ, देखणं दिसलं. मग भांड्याच्या कडेने पांढरे कण दिसायला लागले आणि बघता बघता पिवळट पाणी एकीकडे, चोथा एकीकडे झाला. खायला ते वाईट नव्हतं, खाल्लंही. पण जिभेला रवाळ लागत होतं, आणि ज्या मऊपणासाठी एवढा खटाटोप केला तोच नेमका गेला होता.

मग सल्ले गोळा केले. आच कमी ठेवा. क्रीम फ्रिजमधून आधी काढून ठेवा. ताजं क्रीम आणा. सतत ढवळत राहा. प्रत्येक सल्ल्यात थोडं तथ्य होतं, पण कारण कोणीच सांगत नव्हतं. कारण माहीत नसेल तर माणूस एक सल्ला पाळतो, दुसरा सोडतो, आणि सूप एका रात्री जमतं, दुसऱ्या रात्री फाटतं. मला सगळ्यात जास्त वैताग या बेभरवशाचा आला. कारण शोधल्यावर कळलं की ते शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात बसेल इतकं साधं आहे.

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. त्याचे अतिसूक्ष्म गोळे एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात, म्हणून दूध एकसंध दिसतं. आम्लता वाढून पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या जवळ आला की हे दूर ढकलणं थांबतं आणि गोळे एकमेकांना चिकटतात. तापमान जास्त असेल तर तेवढी आम्लताही लागत नाही, त्याआधीच गुठळ्या होतात. टोमॅटोचा पीएच साधारण ४.५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते ३. आणि सावर क्रीम मुळातच आंबवलेलं असतं. त्यातलं केसीन आधीच जुळून जाळं झालेलं असतं, ते तापलं की आवळतं आणि पाणी बाहेर टाकतं. म्हणजे त्या कृतीने आम्ल, उकळी आणि सगळ्यात नाजूक क्रीम या तिन्ही गोष्टी एकाच मिनिटात एकत्र आणल्या होत्या. ढवळून त्यात काय फरक पडणार होता?

दुसरी गोष्ट चरबीची. क्रीममध्ये चरबी जितकी जास्त तितकं त्यात प्रथिन कमी, आणि फाटायला प्रथिनच लागतं. छत्तीस टक्के किंवा त्याहून जास्त चरबीचं हेवी क्रीम चक्क उकळलं तरी सहसा टिकतं. सावर क्रीममध्ये चरबी साधारण १८ ते २० टक्के. दुधात तीन-चार टक्के, म्हणून ‘हलकं व्हावं’ म्हणून नुसतं दूध घातलेलं सूप सगळ्यात आधी फाटतं. मेक्सिकोत अशा सूपमध्ये ‘क्रेमा’ घालतात. ती सावर क्रीमपेक्षा पातळ, चवीला सौम्य, आणि तिच्यात चरबी ३० टक्क्यांच्या आसपास असते. गरम पदार्थात ती टिकते. कृती मुळात तिच्यासाठी रचलेली, आणि ती मिळाली नाही तर सावर क्रीम चालेल असं लिहिणाऱ्याने सहज सुचवून टाकलेलं. चालतं, पण वेगळ्या पद्धतीने. ती पद्धत सांगायची जबाबदारी लिहिणाऱ्याची होती असं मला अजूनही ठामपणे वाटतं.

आता मी काय करते ते. आधी सूप दाट करून घेते, क्रीम नंतर. दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून उकळत्या सूपमध्ये घालते आणि दोन-तीन मिनिटं उकळू देते. फुगलेला स्टार्च प्रथिनांच्या गोळ्यांना एकमेकांजवळ सरकू देत नाही, त्यामुळे पुढचं अर्धं काम इथेच होतं. मग आच बंद. भांडं शेगडीवरून खाली उतरवून पाच मिनिटं तसंच ठेवायचं. हीच पाच मिनिटं सगळ्यात जड जातात, कारण सूप तयार दिसत असतं आणि वासाने माणसं स्वयंपाकघरात येऊन उभी राहतात. मी तेवढ्या वेळात बाऊल काढते, कोथिंबीर चिरते, लिंबाच्या फोडी करते. थर्मामीटर असेल तर सूप ८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की पुढे जायला हरकत नाही.

यानंतर क्रीम. वाटीत १५० मिलिलीटर क्रीम फेटून सारखं करायचं, त्यात डावभर गरम सूप हळूहळू घालत मिसळायचं, मग आणखी एक डाव. वाटी हाताला चांगली कोमट लागली की ते सगळं सूपमध्ये ओतायचं आणि फिरवायचं. थंड क्रीम एकदम गरम सूपमध्ये पडणं टाळायचं, एवढाच याचा हेतू. हेवी क्रीम असेल तर ही पायरी गाळली तरी चालते. सावर क्रीम असेल तर अजिबात गाळू नका. आणि क्रीम पडल्यावर सूप पुन्हा उकळायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

लिंबाचा रस भांड्यात घालायचाच नाही. तो ज्याच्या त्याच्या बाऊलमध्ये, खाताना. चवीलाही हेच चांगलं, कारण ताज्या रसाचा वास गरम भांड्यात उडून जातो. आम्ल आणखी कुठून येतं तेही बघा. डब्यातली अडोबो नावाच्या आंबट-तिखट सॉसमधली चिपोत्ले (धुरावर सुकवलेली) मिरची मला फार आवडते, पण त्या सॉसमध्ये व्हिनेगर असतं. ती घालायची तर सुरुवातीला, कांद्याबरोबर परतून, आणि मग टोमॅटो दोनाऐवजी एक.

चीजची तऱ्हा थोडी निराळी आहे. ते उकळत्या सूपमध्ये मूठभर टाकलं की प्रथिन आकसून चिवट गोळा होतो आणि तेल सुटून वर येतं. क्रीमनंतर, आच बंद असताना, हाताने ताजं किसलेलं चीज चिमटी-चिमटीने घालून प्रत्येक वेळी विरघळू द्यायचं. पाकिटात किसून मिळणाऱ्या चीजला कण चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्याने सूप कधीकधी किंचित पिठूळ लागतं. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, त्यामुळे ते सगळ्यात गुळगुळीत वितळतं. चवीत ते उणं पडतं, पण वेळ नसलेल्या रात्री मी ते निःसंकोच वापरते.

एवढं करूनही सूप फाटलंच तर टाकून देऊ नका. थोडं निवू द्या, कॉर्नफ्लोअर वेगळं शिजवून त्यात घाला आणि ब्लेंडरमधून काढा. चिकटलेलं प्रथिन पुन्हा सुटं होत नाही, पण कण इतके बारीक होतात की रवाळपणा बराचसा जातो. गरम सूप ब्लेंडरमध्ये अर्ध्याच्या वर भरू नका, झाकणाचं मधलं बूच काढून त्यावर जाड फडकं धरा. वाफेने झाकण उडालं तर हात आणि चेहरा भाजतो.

हे सगळं शोधताना मला सर्वांत समाधान देऊन गेली ती मक्याची गोष्ट. स्पॅनिश लोकांनी १६ व्या शतकात गुरं आणली, तोवर मेक्सिकोच्या भूमीत दुधदुभतंच नव्हतं. तिथले दाट रस्से मक्याच्या पिठाने आणि वाटलेल्या भोपळ्याच्या बियांनी दाट व्हायचे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, दळून जे पीठ होतं ते मासा. चुन्याने दाण्याची साल सुटते, पीठ नीट मळता येतं आणि मक्यातलं नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) शरीराला मिळू शकतं. ही प्रक्रिया हजारो वर्षं जुनी आहे. दोन मोठे चमचे मासा पाण्यात कालवून कॉर्नफ्लोअरऐवजी घातलं आणि दहा मिनिटं शिजवलं, की सूप दाट होतं, टिकतं आणि त्याला टॉर्टियाचा, म्हणजे तिथल्या मक्याच्या पोळीचा, तो खास वास येतो. मासा नसेल तर मक्याचे एक-दोन टॉर्टिया फाडून स्टॉकमध्ये शिजवून वाटून घ्या. अशा सूपमध्ये क्रीम निम्मं पुरतं. आणि क्रीम कमी म्हणजे फाटायची भीतीही कमी. जी गोष्ट तिथल्या स्वयंपाकाला इतकी जुनी, ती या झटपट कृतींमधून गाळलेली असते याचं मला वाईट वाटतं.

मिरच्यांचं आधी लिहायला हवं होतं, ते आता लिहिते. पोब्लानोची साल जाड असते, शिजून ती मऊ पडत नाही, दातात येते. म्हणून ती थेट आचेवर सगळीकडून काळी होईपर्यंत भाजायची, झाकणाच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवायची आणि वाफेने सुटलेली साल हाताने ओढायची. नळाखाली धुऊ नका, भाजल्याचा सगळा स्वाद पाण्याबरोबर जातो. पोब्लानो मिळाली नाही तर ढोबळी मिरची भाजून घ्या आणि जोडीला एखादी तिखट हिरवी मिरची. तिखटाचा अंदाज क्रीम घातल्यावरच घ्या. मिरचीतलं कॅप्सायसिन चरबीत विरघळतं आणि केसीनही ते धरून ठेवतं, त्यामुळे आधी झणझणीत लागलेलं सूप नंतर निम्मं सौम्य होतं. मीठही तेव्हाच शेवटचं चाखायचं.

कणसं ताजी असतील तर दाणे काढल्यावर उरलेली बुरकुंडं फेकू नका, स्टॉकबरोबर वीस मिनिटं उकळून काढून टाका. गोडवाही येतो, थोडा दाटपणाही. डब्यातले बीन्स धुऊन घ्या, त्यांच्या पाण्यात मीठ बरंच असतं. ब्लॅक बीन्सऐवजी कोरडा राजमा घेणार असाल तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन नुसत्या मंद आचेवर जात नाही आणि पोट जोरात बिघडतं.

वेळेचं खरं सांगायचं तर मिरच्या भाजण्यापासून बाऊल भरेपर्यंत मला पाऊण तास ते तास लागतो. कांदाच नीट मऊ व्हायला आठ-दहा मिनिटं घेतो आणि तिथे घाई केली तर सूपला कच्चट वास राहतो. कामाच्या दिवशी एवढा वेळ नसतो, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी क्रीमपर्यंतचं सगळं करून ठेवते. ते फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतं. फ्रीझ करायचं असेल तरीही क्रीम घालण्याआधीच करा. क्रीम घातलेलं सूप गोठून वितळलं की बहुतेक वेळा वेगळं होतं. ज्या रात्री खायचं त्या रात्री आधी चांगलं उकळा, उतरवून पाच मिनिटं थांबा आणि मग वाटीतलं क्रीम. क्रीम घातलेलं उरलंच, तर दुसऱ्या दिवशी मंद आचेवर, ढवळत, वाफा यायला लागेपर्यंतच गरम करा, आणि दाट वाटलं तर क्रीम नको, दोन डाव स्टॉक घाला.