व्हीएचं रेटिंग आणि टेक्सासचे वेगळे अर्ज

अमेरिकन आर्मीत मी ट्रक दुरुस्त करायचो. बाहेर पडलो तेव्हा दुखरी पाठ, उजवा गुडघा आणि कानात कायम वाजणारी शिट्टी एवढं सोबत आलं. भरपाईसाठी 'व्हीए'कडे, म्हणजे माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याकडे क्लेम करायचा होता. आधी 'इंटेंट टू फाइल', म्हणजे अर्ज करणार असल्याची सूचना, नोंदवला. त्यानंतर वर्षभरात पूर्ण अर्ज गेला, की भरपाई सहसा त्या नोंदीच्या तारखेपासून धरतात. कागद जमवायला उसंत मिळते.

अर्ज भरून दिला काउंटीच्या व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर बाईंनी. आपल्याकडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासारखंच काम, आणि फुकट. पैसे घेऊन क्लेम करून देणाऱ्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला तरी चीड येते. बाईंनी डीडी-२१४, म्हणजे फौजेतून सुटल्याचा दाखला, नजरेखालून घातला, दवाखान्याचे जुने कागद लावले आणि म्हणाल्या, बायकोचंही निवेदन जोडा. तिने लिहिलं: सत्यनारायणाला हे पाटावर मांडी घालून बसू शकत नाहीत, खुर्चीत बसतात, आरतीला उठताना टेबल धरतात. वाचून जरा ओशाळलो खरा, पण एक्स-रेत हे दिसणार होतं थोडंच!

तपासणीत डॉक्टरने कमरेशी कोनमापक धरून पुढे वाकायला लावलं. दुखेल तिथे थांबा, म्हणाला. दातओठ खाऊन रेटायची फौजी सवय इथे नडते, कारण पाठीचं रेटिंग, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी, बरंचसं त्या अंशांवर ठरतं. मी थांबलो.

निकाल आला: पाठ ४० टक्के, गुडघा २०, कान १०. बेरीज ७०, पण व्हीए तशी बेरीज करत नाही. धडधाकट १०० मधून ४० गेले, उरलेल्या ६० चे २० टक्के म्हणजे १२, झाले ५२. उरलेल्या ४८ चे १० टक्के, साधारण ५. एकूण ५७, जवळच्या दहावर नेऊन ६०. दरमहा येणारी ही रक्कम करमुक्त असते, आणि ३० टक्के किंवा जास्त असलं की बायकामुलांसाठी थोडी वाढ मिळते.

राज्याचं मात्र आपण मागितल्याशिवाय काही हलत नाही. व्हीएचं पत्र घेऊन अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे घरांची करपात्र किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाकडे, वेगळा अर्ज केला. ६० टक्क्यांना घराच्या करपात्र किमतीतून १०,००० डॉलर वजा होतात. टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्स ज्याने भरलाय त्याला कळेल, हे चणेफुटाणेच. १०० टक्केवाल्यांना राहत्या घराचा तो कर पूर्ण माफ, म्हणून रेटिंगसाठी लोक इतके झगडतात. स्टेट पार्कचा फुकट पासही ६० ला मिळतो; वापरतो मुख्यतः शेजारी, माझ्या गाडीत बसून.

हेझलवूड या टेक्सासच्या माजी सैनिकांसाठीच्या शिक्षण सवलतीला रेटिंग लागतच नाही. सरकारी कॉलेजात १५० क्रेडिट तासांपर्यंत ट्यूशन फी माफ. फौजेत जाताना भरती टेक्सासमधून झालेली, नोंदलेलं घर टेक्सासचं किंवा रहिवास टेक्सासचा, यातलं एक तरी असावं लागतं. माझ्या डीडी-२१४ वर भरतीचं ठिकाण ह्यूस्टन आहे. माझे तास तसेच पडून होते, ते आता लेकीच्या नावावर करतोय.