पावसाआधीचं रबर: टायर, चाकं, वायपर (ठाण्यातल्या एका हॅचबॅकच्या नोंदी)

गाडी: पेट्रोल हॅचबॅक, उघड्यावर पार्किंग, घोडबंदर रोडचा परिसर. टायर १८५/६५ आर १५, ८८ एच. ओडोमीटर ३४,२१०.

एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळी सात

काम एप्रिलातच काढायचं कारण साधं आहे. मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच दाखल झाला. मेच्या शेवटी टायरवाल्यांकडे रांगा लागतात आणि घाईत बसवलेल्या चाकाचे नट कुणी हाताने तपासत नाही.

आधी हवा. गाडी रात्रभर उभी असताना मोजली: पुढे डावीकडे २९, उजवीकडे ३०, मागे २८ आणि ३१. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे चारही चाकांत ३३ पीएसआय हवी. महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते, त्यामुळे ३१ ठीक. २८ मात्र ठीक नाही. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकल्यावर बारीक बुडबुडे आले. व्हॉल्व्हच्या आतला कोअर पाव फेरा घट्ट करूनही थांबले नाहीत, म्हणून कोअर बदलला. टोपी नसलेल्या व्हॉल्व्हमध्ये धूळ जाऊन कोअर असाच गळायला लागतो. चार टोप्या दहा-वीस रुपयांत येतात, लावाच.

पंपावर हवा भरताना हमखास होणारी चूक अशी. कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंत उन्हात गाडी नेली की टायर तापतो. तापमान साधारण ५-६ अंशांनी वाढलं की दाब १ पीएसआय वाढतो. पंपावरचा काटा ३३ दाखवतो, मुलगा म्हणतो ‘बराबर आहे’, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरात २९-३० असते. उपाय सोपा आहे. घरी थंड असताना स्वतःच्या गेजने मोजा आणि किती कमी आहे ते लिहून ठेवा. समजा ४ कमी आहे, तर पंपावर जो आकडा दिसेल त्यात ४ वाढवून घ्या. गरम टायरातली हवा कधीही सोडू नका.

हवेचा आकडा पावसात का महत्त्वाचा? साचलेल्या पाण्यावर टायर रस्ता सोडून तरंगायला लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. नासाने १९६०च्या दशकात विमानाच्या चाकांवर केलेल्या प्रयोगांतून हा ठोकताळा निघाला. ३३ पीएसआयला तो वेग ताशी ९५ किमीच्या आसपास येतो, २४ पीएसआयला ८० च्या थोडा वर. गाडीच्या टायरला हा आकडा तंतोतंत लागू होत नाही आणि नक्षी झिजली असेल तर तो आणखी खाली येतो. पण पाम बीच रोडवर किंवा सायन-पनवेल महामार्गावर मुसळधार पावसात लोक याच वेगाने जात असतात, हे लक्षात घ्या.

त्याच दिवशी, नक्षी आणि वय

डेप्थ गेजने प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजलं: आतली कड, मध्य, बाहेरची कड. पुढचा डावा २.६ / ३.७ / ३.८ मिमी. पुढचा उजवा ३.१ / ३.८ / ३.८. मागचे दोन्ही सगळीकडे ४.३ च्या आसपास. कायद्याची मर्यादा १.६ मिमी, चरांमध्ये जे आडवे उंचवटे असतात ते त्याच उंचीचे. पण पावसासाठी १.६ ची वाट बघू नये. नवा टायर साधारण ८ मिमीचा असतो, आणि ३ च्या खाली गेला की चरांतून पाणी बाहेर फेकण्याची ताकद झपाट्याने घटते.

आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली बसा आणि हात आत घालून तळहात फिरवा. बाहेरून नक्षी छान दिसणारा टायर आतून गुळगुळीत निघाल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट गेलेली असते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, फक्त मध्य झिजला तर हवा जास्त. टायरवर ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंगकडे बघा. गोट्यांवरून (नक्षीच्या ठोकळ्यांवरून) हात एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखा लागला तर टो (चाकांचा पुढून आत-बाहेर असलेला कल) बिघडलेला आहे.

आता वय. साइडवॉलवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. इथे ३१२०, म्हणजे २०२० सालचा ३१वा आठवडा. हा कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. बाहेर दिसला नाही तर चाक काढून आतून बघा.

ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच गाड्या वर्षाला सहा-सात हजार किमीच फिरतात. नक्षी उरते आणि रबर मरतं. ऊन, ओझोन आणि डांबराची धग रबराला कडक करत जातात. या गाडीच्या मागच्या टायरात ४.३ मिमी नक्षी आहे, पण चर दोन बोटांनी फाकवला की तळाशी केसासारख्या बारीक भेगांची जाळी दिसते. अंगठ्याचं नख गोटीत दाबलं तर खूणसुद्धा उमटत नाही. सावलीत शोअर-ए ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजणारं यंत्र; आकडा जास्त तर रबर कडक) लावला: पुढे ७६, मागे ७८. नव्या टायरच्या नक्षीचं रबर साधारण ६० ते ७० च्या दरम्यान असतं. नक्षी पाणी बाजूला करते, पण ओल्या डांबराला धरून ठेवतं ते मऊ रबर. त्यामुळे निर्णय झाला: चारही बदलायचे. फक्त नक्षी मोजली असती तर मागचे दोन अजून दोन पावसाळे वापरले गेले असते.

स्टेपनीचा कोडही तोच, ३१२०. रस्त्याला कधी लागलेलीच नाही, तरी नवी नाही. पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरती ठीक, कायमची लावायला नको. ही १४ इंची लोखंडी आहे आणि वेगमर्यादा ८०. तिच्यात हवा होती १९. ही नोंद वाचून डिकी उघडा आणि आपल्या स्टेपनीची हवा मोजा, एवढी विनंती.

मेचा पहिला शनिवार, ओडोमीटर ३४,३४५

नवे टायर बसले. दुकानात बघायच्या गोष्टी: आयएसआयची खूण, चारही कोड सहा महिन्यांच्या आतले, लोड इंडेक्स मूळ ८८ पेक्षा कमी नाही (८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो). नवे रबरी व्हॉल्व्ह मागून घ्या. टायरसोबत व्हॉल्व्हही म्हातारा होतो आणि नंतर तो बदलायला टायर पुन्हा रिमवरून उतरवावा लागतो. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी यायला हवा. ती टायरची हलकी बाजू असते, तिथे व्हॉल्व्ह आला की वजनं कमी लागतात. इथे एका चाकाला आधी ५५ ग्रॅम लागत होते. टायर रिमवर फिरवून घेतल्यावर २० वर आलं.

दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. दुकानदार पुढे लावायला सांगतात, कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की परत धरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ते सावरणं बहुतेकांच्या हातात नसतं.

चाकं उतरली होती तेव्हा हबकडे (चाक ज्यावर बसतं त्या भागाकडे) लक्ष दिलं. खाडीकाठच्या दमट हवेत हबच्या मधल्या कड्यावर गंज धरतो आणि अलॉय चाक त्याला असं चिकटतं की पंक्चरच्या वेळी लाथा घालाव्या लागतात. तारेच्या ब्रशने गंज काढला आणि फक्त मधल्या कड्यावर अँटी-सीझ पेस्टचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या) पातळ हात दिला. नटाच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. आटे ओशट असले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

न्यूमॅटिक गनने नट आवळू दिले नाहीत. प्रत्येक नट आधी हाताने तीन-चार फेरे फिरवून आट्यात बसवला, मग समोरासमोर अशा क्रमाने दोन टप्प्यांत आवळला: आधी ५०, मग १०० न्यूटन-मीटर. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. लहान गाड्यांत तो बहुधा ८५ ते ११० च्या दरम्यान असतो. टॉर्क रेंच नसेल तर हिशोब असा: पाव मीटर लांब पान्याच्या टोकावर ४० किलोंचा भार म्हणजे जवळजवळ १०० न्यूटन-मीटर. त्याच पान्यावर ७० किलोंचा माणूस उभा राहिला की १७० होतात. डिस्क वाकडी होण्याची आणि ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

अलाइनमेंटआधी खालून ढिलाई बघून घेतली. पुढचं चाक उचलून तीन आणि नऊच्या ठिकाणी धरून हलवलं तेव्हा टायरॉडच्या (स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला किंचित खेळ जाणवला. ते टोक बदललं, मगच मशीनवर चढवली. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यापर्यंतच टिकते. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घ्या.

पहिले दोन-तीनशे किमी सांभाळून चालवायची. नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो.

मेचा तिसरा रविवार, काच आणि वायपर

आधी काच, मग पातं. मळक्या काचेवर नवं पातं दोन दिवसांत जुन्यासारखं वागतं. घोडबंदरला बांधकामांची सिमेंटची धूळ आणि ट्रकचा डिझेलचा धूर दोन्ही काचेवर बसतात. शाम्पूने धुऊनही काचेवर पाणी एकसंध न पसरता तुटक बेटं करत होतं. त्यावर क्ले बार (चिकटलेला मळ ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग उरले, त्यांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, पाच मिनिटं सावलीत ठेवून भरपूर पाण्याने धुतलं. तरी राहिलेल्या दोन डागांना सिरियम ऑक्साइडची पेस्ट फेल्ट पॅडने घासली. ती लावताना काच सतत ओली ठेवावी लागते.

पात्यांची मापं टेपने घेतली: ड्रायव्हरकडे ५५० मिमी, शेजारी ४००. दांड्यांना साधा हूक आहे.

पातं काढताना एक गोष्ट आधी करा. जाड टॉवेल चार पदरी घडी करून काचेवर ठेवा. पातं निघालं की दांडीच्या टोकाला नुसतं लोखंड उरतं. स्प्रिंगवर ताणलेली दांडी हातातून निसटली तर ते लोखंड सरळ काचेवर आपटतं आणि काचेला तडा जातो. मग पातं दांडीशी काटकोनात वळवा, खाचेतली प्लास्टिकची जीभ दाबा आणि पातं खाली, दांडीच्या बुडाकडे सरकवा. नवं बसताना ‘टक’ आवाज आला पाहिजे. रबरावरची प्लास्टिकची संरक्षक पट्टी काढायला विसरू नका.

जुनं पातं उन्हात धरून बघितलं. रबराची ओठासारखी बारीक कड एका बाजूला कायमची झुकलेली, बोटाने सरळ केली तरी परत तिकडेच. ही कड प्रत्येक फेरीत उलटायला हवी. कडक झाली की उलटत नाही आणि एका दिशेला पातं खडखडत उड्या मारतं. टायरच्या चरात दिसलं तेच इथेही: मेचं ऊन. पातं नवं असूनही एकाच दिशेला खडखडलं, तर दांडी पिळलेली असते. पातं काढून दांडीचं टोक काचेला समांतर आहे का बघा. एक-दोन अंशांचा फरक दोन पकडींना फडकं गुंडाळून पीळ देऊन निघतो.

रबर पुसायला ओलं फडकं पुरे. रॉकेल, पेट्रोल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे लावला तर रबर फुगतं आणि काचेवर तेलकट थर बसतो.

गुलमोहर आणि सोनमोहराच्या पाकळ्या बॉनेटच्या मागच्या जाळीत ओंजळभर निघाल्या. तिथलं पाणी जायचं भोक तुंबलं की पाणी एसीच्या ब्लोअरकडे वळतं. वॉशरच्या टाकीत शेवाळाचा हिरवट थर होता. धुऊन त्यात वॉशर द्रव आणि आरओचं पाणी भरलं. भांड्यांचा साबण घालू नका, फेस होतो आणि नोझलमध्ये सुकून बसतो. डावं नोझल शिवणाच्या सुईने साफ करून फवारा काचेच्या मध्याच्या थोडा वर आणला. गाडी वेगात असली की वाऱ्याने तो खाली येतो. मागच्या वायपरचं पातंही बदललं.

पहिल्या सरीनंतर, ओडोमीटर ३४,४६०

ड्रायव्हरकडची काच स्वच्छ. शेजारच्या पात्याने खालच्या टोकाला चार सेंटीमीटरचा पट्टा सोडला. पातं नवं, काच साफ, समांतरपणाही बरोबर. दोष निघाला दांडीच्या बिजागरीत: धुळीने ती जाम झाली होती आणि स्प्रिंगचा दाब पात्यापर्यंत पूर्ण पोचत नव्हता. दांडी उचलून बिजागरीत तेलाचे दोन थेंब टाकले, दहा-बारा वेळा वर-खाली केली, ओघळलेलं तेल पुसून घेतलं. पट्टा गेला.

चाकं बसवून ११५ किमी झाले म्हणून नट पुन्हा तपासले. सोळापैकी पंधरा १०० ला जागेवरच ‘टक’ वाजले. मागच्या डाव्या चाकाचा एक नट आठवा भाग फेरा फिरला, मग वाजला. थंड हवा चारही चाकांत ३३, स्टेपनीत ३५.